पहिला डबा देवाचा

तुम्ही त्या पोरीची लघवी तपासलीत. एक अनोळखी बाई समोर उभी केलीत, दार उघडं ठेवायला लावलंत, बाटली भरून घेतलीत. बाटलीला सील ठोकलंत, सीलवरचा नंबर तिच्याचकडून मोठ्याने वाचून घेतलात, खाली सही घेतलीत. चोख काम. आणि जी पावडर ती रोज सकाळी ग्राउंडवरून आल्यावर पीत होती, ती विकायचा परवाना कोणी दिला? तुम्हीच ना? उघडून बघितलात का तो डबा कधी? बोट बुडवून चाटलंत तरी? तुमचा माणूस गाळ्यात आला, चहा प्यायला, भिंतींचे आणि पंख्याचे फोटो काढले आणि जाताना, पोरगा जिमला जातो म्हणून, चॉकलेटचे दोन डबे काखोटीला मारून गेला. खुर्च्या वेगळ्या असतील तुमच्या, इमारती वेगळ्या असतील, लेटरहेडं वेगळी असतील. मला तुम्ही सगळे एकच दिसता. पोरगी दोषी आणि डबा निर्दोष, हे कुठल्या शाळेत शिकलात?

हे सगळं दीपाली बोलत होती ते वडगावच्या पुलाखाली, सिग्नलला, हेल्मेटच्या आत, ओठ न हलवता. गेले काही आठवडे तिला ही सवयच लागली होती. कपडे वाळत घालताना, भाजीवाल्यासमोर उभं राहून, जिन्यात चपला घालताना ती ह्या ‘तुम्हां’शी बोलायची. त्याला चेहरा नव्हता. कधी त्याला टक्कल असायचं, कधी तो कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या सरांसारखा नाकातून बोलायचा, कधी नुसता टेबलावर ठेवलेला हात असायचा, पेन फिरवणारा. पण तो ऐकून घ्यायचा, हे खरं. अख्ख्या पुण्यात तिचं पूर्ण वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. धायरीच्या गाळ्यातून राहिलेली झाकणं आणि चमचे एका गोणीत भरून ती वारज्याला घरी निघाली होती. गोणी पायांत होती, ऊन हेल्मेटच्या काचेवर होतं, आणि फोन वाजला. पुण्यातल्या सगळ्या बायका करतात तसं तिने फोन हेल्मेट आणि गालाच्या फटीत खुपसला. अर्शियाचा व्हॉइस मेसेज होता.

‘ताई, डबा मिळाला! सील एकदम इन्टॅक्ट आहे. दादा स्वतः आले होते दुकानात द्यायला. अब्बू तर रडायलाच लागले. उद्या सकाळी कुरियर करते लॅबला. थँक्यू ताई. तुम्हीच सांगितलं असणार दादांना, मला माहितीये.’

दीपालीने मेसेज पुन्हा लावला. मग पुन्हा. पोरीच्या आवाजात धाप होती, पळून आल्यावर असते तशी. मागून हॉर्न वाजले आणि शेजारून एक गृहस्थ गाडी काढता काढता म्हणाले, ‘‘अहो मॅडम, ह्याच्यापेक्षा हिरवा होत नाही तो.’’

कुठला डबा? ती निघाली, पूल मागे पडला, हायवेला लागली, आणि ट्रकांच्या वाऱ्यात गाडी हलत असताना एवढंच डोक्यात फिरत राहिलं. कुठला डबा? डबा नाहीच आहे. प्रोटीन पावडरीच्या त्या कॉफी चवीच्या बॅचचा एकूण एक डबा विकला गेला होता. शेवटची खोकी तिने स्वतः टेप मारून कुरियरवाल्याच्या हातात दिली होती. स्टॉक ती सांभाळायची, तिचा नवरा सौमित्र, अर्शियाचा ‘दादा’, नव्हे. सौमित्रला विचारलं असतं तर त्याने बोट वर करून छताकडे बघितलं असतं. अर्शिया आठशे मीटर पळायची. त्यांचीच पावडर प्यायची, ती त्यांच्या पोस्टरवरची मुलगी होती, तिला डबे फुकट जायचे. स्पर्धेनंतर तिची तपासणी झाली, लघवीत बंदी असलेलं कसलं तरी उत्तेजक सापडलं, तेही नखावर मावणार नाही एवढं, आणि पत्र आलं. पळणं बंद. चार वर्षं बंद राहू शकतं. आठशे मीटर पळणाऱ्या पोरीची चार वर्षं म्हणजे काय असतं हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. सुटायला एकच वाट होती. उत्तेजक पावडरीतून आलं हे दाखवायचं, आणि त्यासाठी त्याच बॅचचा, सील न फुटलेला डबा लॅबला द्यायचा. तिच्या घरचा डबा अर्धा संपलेला, तो चालत नव्हता. उघड्या डब्यात कोणीही काहीही कालवू शकतं, असं त्यांचं म्हणणं. अर्शियाने फोन करून विचारलं होतं, ‘‘ताई, एक तरी असेल ना? कंपनीकडे असतोच ना एक?’’ कंपनीकडे. दीपालीला त्या शब्दाने हसू आलं होतं आणि मग हुंदका. एक डबा होता. पण तो देवाने उष्टा केला होता.

ह्या गोष्टीवर आता कोण विश्वास ठेवणार. पहिल्या बॅचच्या वेळेस सौमित्रनेच हे काढलं. मशीनमधून पडलेली पावडर, पहिल्या डब्यावर चिकटवलेलं पहिलं लेबल, वाकडंच चिकटलेलं, आणि ‘कणखर’ हे नाव. नाव तिने सुचवलं होतं. तो गाळ्यात उभ्या उभ्या म्हणाला, ‘‘पहिला डबा विकायचा नाही. पहिला डबा देवाचा.’’ घरी देव्हाऱ्यापुढे डबा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. आणि मग तोच म्हणाला, ‘‘देवाला सीलबंद डबा कसा दाखवायचा? उघडता येणारे का त्यांना?’’ आणि अंगठ्याने सील फोडलं. एक चमचा दुधात कालवून वाटी गणपतीपुढे. दीपाली म्हणाली होती, ‘‘त्यांना प्रोटीन कशाला देतोस, आधीच पोट सुटलंय,’’ तर तो म्हणाला, ‘‘म्हणूनच देतोय.’’ हसून हसून दोघं जमिनीवर बसली होती. तेव्हा घरात जमीन होती बसायला. मग तोच रिवाज झाला. प्रत्येक बॅचचा पहिला डबा देव्हाऱ्यात, सील फोडून, पुढची बॅच येईपर्यंत. नवीन आला की जुना दोघांनी संपवायचा, प्रसाद म्हणून. तिला कधी कधी वाटायचं की त्यांच्या लग्नात उरलेला हा एकच विधी. कॉफीच्या बॅचनंतर अर्शियाला पत्र आलं, काम थांबलं, नवीन डबा आलाच नाही. म्हणून तो अजून तिथे होता, गणपतीच्या डाव्या अंगाला, झाकण लावलेला, सील फुटलेला, कुंकू लागलेला. बाकीच्या मोठ्या कंपन्या बॅचमागे नमुने जपून ठेवतात, कुलपात, सीलबंद. ह्यांनीही ठेवला होता. फक्त आधी नैवेद्य दाखवून.

हायवेवर डोंगराच्या बाजूने गरम वारा येत होता. तिला सौमित्र पहिल्यांदा दिसला तो असाच घामाने निथळणारा, वारज्याच्या जिममध्ये. ती पुसदची. शिकायला म्हणून आली आणि एका डेअरीच्या लॅबमध्ये दुधाची फॅट मोजत राहिली. खोलीवर एकटी, मेसचा डबा, रविवारी आईचा फोन, ‘‘काहून गं, बोलत काहून नाहीस? जेवली का नाही?’’ पाठ दुखायची म्हणून जिम लावलं. तो तिथे शिकवायचा. स्वतः एकेकाळी स्पर्धेत उतरायचा, अंगाला तेल लावून, आणि कोणीतरी स्वस्तात दिलेल्या परदेशी नावाच्या पावडरीने त्याचं लिव्हर सुजलं, महिनाभर हॉस्पिटलात पडून राहिला. ते सांगताना त्याचा आवाज खाली जायचा. ‘‘डोळे पिवळे झालेले माझे. आणि ज्याने डबा विकला तो बघायला आला होता मला, संत्री घेऊन. त्याला माहीत होतं गं आत काय आहे.’’ त्या संत्र्यांमुळे तिने त्याच्याशी लग्न केलं, असं ती नंतर स्वतःशी म्हणायची. एवढा राग असलेला माणूस खोटं करणार नाही, असं वाटलं होतं. रागाला प्रामाणिकपणा समजायची चूक तिच्या घराण्यात आधीही झाली होती.

आणि खरंच सुरुवातीला काय दिवस होते. ती लॅबमधून आलेली, तिला दूध कळत होतं, त्याला अंग कळत होतं. चव जमेना. व्हॅनिलाला खोकल्याच्या औषधाचा वास यायचा. रोज संध्याकाळी ओट्यावर दहा ग्लास मांडायचे आणि एकेक घोट घेऊन तोंड वाकडं करायचं. आता तिला दुसऱ्या कशाचा वासच येत नव्हता. घरात हॉलभर खोकी, बेडरूममध्ये खोकी, पलंगाखाली झाकणं, आणि सगळ्यावर ती गोड, कृत्रिम, बाळसेदार चव बसलेली. भाकरीला चॉकलेट लागायचं. उशीला व्हॅनिला. ती रोज डोकं धुवायची तरी. मूल आत्ता नको, आधी ब्रँड उभा राहू दे, असं दोघांनी ठरवलं होतं, आणि मग ब्रँड उभा राहिला आणि त्याच्या शेजारी झोपायला जागा उरली नाही. बोलणं फोनवर गेलं. त्यांचा एक ग्रुप होता, ‘कणखर ऑपरेशन्स’, त्यात दोनच माणसं, नवरा आणि बायको. टेप संपलीये. अंगठा. जेवायला ये. अंगठा. एकदा तिला ताप होता आणि तिने आतल्या खोलीतून टाकलं, ‘पाणी देतोस का’, तर बाहेरच्या खोलीतून अंगठा आला आणि पाणी आलं नाही. तो रील शूट करत होता. रीलमध्ये तिला कधी घ्यायचा नाही. ‘‘तू नको गं फ्रेममध्ये, लोकांना वाटेल हेच पिऊन अशी झाली.’’ विनोद होता. ती हसलीही होती.

अर्शिया मात्र यायची. डबा घ्यायला म्हणून आणि मग बसायची, खोक्यावरच. पातळ, काळसर, गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा, सारखी कसल्या तरी लयीत पाय हलवणारी. पाटवड्यांची भाजी केली तर ताट पुसून खायची आणि म्हणायची, ‘‘ताई, तुम्ही जेवलात का?’’ हे कोणी विचारलं की दीपाली आणखी दोन पाटवड्या तिच्या ताटात घालायची. एकदा पोरीने तिला दुपारी ग्राउंडवर नेलं, ‘‘चला, एक राउंड,’’ आणि दीपाली ट्रॅकच्या पाव भागातच वाकून उभी राहिली, तर ती पोरगी तिच्याभोवती उलटी पळत होती, पाठमोरी, हसत, ‘‘काय ताई, प्रोटीन विकता तुम्ही!’’ पत्र आलं त्या दिवशी सौमित्रने सगळ्यांत आधी काय केलं असेल? त्यांच्या पेजवरून अर्शियाचे फोटो काढले. दीपाली ओट्यापाशी उभी होती आणि तो सोफ्यावर अंगठ्याने एकेक फोटो खोडत होता, सावकाश, नखं कापावीत तसा. ‘‘बाहेर काय खाल्लं असेल, आपल्याला काय माहीत,’’ तो म्हणाला. ती म्हणाली, ‘‘मशीन आठवतंय ना तुला?’’ त्याने पुढचा फोटो खोडला.

मशीन. धायरीच्या महिपती शेठच्या गाळ्यातलं पावडर कालवायचं मशीन. सगळे लहान धंदेवाले तेच भाड्याने वापरायचे, आज तुझं, उद्या त्याचं. कॉफीच्या बॅचच्या आदल्या दिवशी कोणाचं तरी चरबी जाळायचं औषध त्यात कालवलं होतं. दीपाली सकाळी पोचली तर पात्यांच्या मागच्या सांध्यात पिवळसर भुकटी दिसली. तिने बोटावर घेतली. कडू. लॅबमधली बाई, तिला राहवलं नाही. ‘‘शेठ, हे धुतलं नाही.’’ महिपती म्हणाला, ‘‘धुतलंय की वैनी. तुमी घरचं ताट तरी येवढं घासता का? उगं बारीक बघत बसलं तर देव बी मळका दिसतोय.’’ पाण्याने धुतलं तर मशीन वाळायला दिवस जातो, आणि सौमित्रने तर आठवडाभर रील टाकून ठेवलेली, ‘कॉफी येतेय.’ त्याने फडकं घेतलं, सांधा पुसला, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, ‘‘झालं?’’ ती म्हणाली, ‘‘झालं.’’ हे ‘झालं’ तिचं होतं. ते बोटावरचं कडू तिला अजून जिभेच्या मागे सापडायचं, बाकी कशाचीच चव लागत नसताना. पावडरीतून गेलं असेल की नसेल, हे तिला ठाम माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. म्हणूनच तर डबा हवा होता.

वारज्याला सोसायटीच्या जिन्यात तिने हेल्मेट काढलं तेव्हा तिचे केस ओले होते. दार उघडंच होतं. सौमित्र स्वयंपाकघरात ताट घेऊन उभ्यानेच वरणभात खात होता. ताजी दाढी, चांगला शर्ट. माणूस कुठून तरी चांगलं काम करून आल्यासारखा.

‘‘अर्शियाला डबा दिलास?’’

‘‘हो. येताना त्या बाजूला काम होतं.’’

‘‘कुठला डबा?’’

‘‘कॉफीचा. तिला हवा होता तो.’’

‘‘कॉफीचा डबा नव्हता, सौमित्र.’’

‘‘होता एक. गाडीच्या डिकीत राहिला होता, सॅम्पल म्हणून नेलेला.’’ त्याने लोणच्याची फोड शोधली. ‘‘तू मोजायला चुकलीस. होतं असं. माणूस आहेस तूही.’’

आणि गंमत अशी की क्षणभर तिला ते पटलं. असेल. चुकली असेन. गेले कित्येक दिवस झोप नाही, साखरेऐवजी चहात मीठ पडतं, काल गॅस तसाच राहिला. एवढं हलकं वाटलं तिला त्या क्षणी, की मी चुकले, डबा होता, पोरगी सुटेल, आपण बुडू पण पोरगी सुटेल, आणि हा माणूस स्वतःच्या हाताने डबा नेऊन देऊन आला. म्हणजे तो संत्र्यांवाला राग अजून आहे ह्याच्यात. तिला त्याच्या पाठीला हात लावावासा वाटला. लावलाही. शर्ट इस्त्रीचा, कडक. तो म्हणाला, ‘‘थकली आहेस तू. आई बोलावतेय ना, जाऊन ये पुसदला थोडे दिवस. मी बघतो इथलं.’’ आणि ताट बेसिनमध्ये ठेवून, तोंड पुसून, फोन घेऊन गॅलरीत गेला.

ती हॉलमध्ये आली. पॅकिंगचं टेबल खिडकीशी होतं. त्यावर गेले कित्येक दिवस चादर घातलेली असायची. ती आज बाजूला केलेली होती आणि घडी करून ठेवलेली. सौमित्र घडी करायचा नाही कधी. म्हणजे करायचा, जेव्हा काही लपवायचं असेल तेव्हा. सील चिकटवायचं मशीन तिथेच, वायर गुंडाळलेली, तीही नीट. शेजारी बॅचचा नंबर मारायचा रबरी शिक्का, ज्याचे आकडे बोटाने फिरवायचे असतात. तिने तो उचलला. काम थांबलं त्या दिवशी पुढच्या बॅचसाठी तिनेच आकडे फिरवून ठेवले होते. आंब्याची बॅच. आता त्यावर कॉफीचा नंबर होता. तिने तळहातावर दाबून बघितला. जांभळी शाई उमटली, ओली. टेबलाखाली चाळणी होती, आणि चाळणीच्या कडेला तपकिरी पूड. बाजूला नव्या दूध पावडरीची पिशवी, तोंडाला क्लिप लावलेली. तिने चिमूट जिभेवर ठेवली. चव कळली नाही. पण कडू नव्हतं.

तिला सगळं एकदम नाही कळलं. आधी वाटलं, पोरीसाठीच केलं असेल, डबा नाही म्हणून नवा करून दिला. मग हळूहळू कळत गेलं. हा डबा स्वच्छ आहे. लॅबला त्यात काहीच सापडणार नाही, कारण काही नाहीच त्यात. कंपनी निर्दोष. आणि पोरगी स्वतःच्या हाताने कुरियर करणार आहे. स्वतः पुरावा पाठवणार, स्वतःच्या विरुद्धचा, थँक्यू म्हणून. अब्बू रडले म्हणे. सौमित्रने त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं असेल समोर उभं राहून. संत्री न्यायची काय गरज होती. गॅलरीतून त्याचं हसणं येत होतं, कोणत्या तरी दुकानदाराशी, ‘‘अरे येतोय ना भाऊ, मार्केटमध्ये परत येतोय, जबरदस्त येतोय.’’ आणि त्या हसण्यात काही खोट नव्हती. हेच भयंकर होतं. तो तोच होता. डोळे पिवळे होऊन पडलेला मुलगाही तोच, हाही तोच. मध्ये कुठेच दार वाजलं नाही, कोणी आत आलं नाही, कोणी बाहेर गेलं नाही. ती सगळा वेळ त्याच घरात होती आणि तिला दिसलं नाही. की दिसत होतं? ‘झालं?’ ‘झालं.’ एक माणूस विचारायला लागतो, एक हो म्हणायला लागतो. धंदा असाच तर दोघांनी मिळून उभा केला होता.

बघा, ती त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला म्हणाली, बघा आता, तुमचे नियम माझ्या नवऱ्याला तुमच्यापेक्षा चांगले कळले. सील हवं ना तुम्हाला? घ्या सील. पण पहिल्यांदाच तिकडून कोणी ऐकत नव्हतं. टेबलावरचा हातही नव्हता. हॉल होता, खोकी होती. तिने देव्हाऱ्यातला डबा उचलला, पदराने नव्हे, ओढणीने पुसला, मग वाटलं पुसायला नको होतं, असू दे कुंकू. गॅलरीच्या दाराशी थांबली. सौमित्रने फोनवर हात ठेवून भुवया उडवल्या, काय? ती म्हणाली, ‘‘झाकणं खाली गाडीवर राहिलीत.’’ त्याने अंगठा दाखवला. खराखुरा, हाडामांसाचा.

कर्वे रस्ता, मग डेक्कन, मग झेड ब्रिज. पुलाच्या कठड्याला टेकून जोडपी बसलेली, एकाच प्लॅस्टिकच्या ग्लासातून ऊसाचा रस पिणारी, आणि दीपाली डबा दोन्ही पायांत दाबून त्यांच्यामधून गेली. आपल्याला कुठे जायचंय ह्यानंतर, हे तिला खरंच माहीत नव्हतं. पुसदला आई होती, पण आईला सांगायला शब्द लागतील. पुण्यात तिची म्हणावीत अशी माणसं मोजायला तिने सुरुवात केली आणि एकावर थांबली, आणि त्या एकीचंच वाटोळं करायला ती निघाली होती.

नारायण पेठेत गुलजारभाईंचं शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान म्हणजे बोळातला एक कोनाडा. उघडी पडलेली मशीनं, तेलाचा वास, भिंतीला टांगलेले पट्टे. वास आला तिला. बऱ्याच दिवसांनी कशाचा तरी खरा वास आला. गुलजारभाई एका मशीनचं चाक फिरवून बघत होते, आणि अर्शिया स्टुलावर बसून डब्याला बबलचं प्लॅस्टिक गुंडाळत होती, जीव लावून, लहान मुलाला शाल गुंडाळावी तसं.

‘‘आवो बेटी, आवो,’’ गुलजारभाई उठले. ‘‘बसा. तुमच्या मिस्टरांनी आज आमचं घर उभं केलं बघा. पाहिलं नाही असा माणूस. चहा सांगतो.’’

‘‘चहा नको, भाई.’’

‘‘नको कसा? आज तरी नको म्हणू नका.’’

‘‘अर्शिया, तो पाठवू नकोस.’’

पोरगी हसली. ‘‘काय?’’

दीपालीने आपला डबा काउंटरवर ठेवला. झाकण काढलं. आत फाटलेलं सील, चमच्याने उकरलेला खड्डा. ‘‘कॉफीचा डबा हा एकच उरलेला. हा खरा. तो नव्हे.’’

‘‘हा उघडा आहे, ताई.’’

‘‘हो.’’

‘‘कोणी उघडला?’’

‘‘देवाला दाखवायला उघडला.’’ बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. ‘‘आम्ही प्रत्येक वेळेस करतो. पहिला डबा.’’

अर्शियाने बापाकडे बघितलं. गुलजारभाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. पोरगी हळूच म्हणाली, ‘‘ताई, तुम्हाला बरं नाहीये का? दादा म्हणाले होते, तुम्हाला झोप लागत नाही. म्हणाले काही बोलली तर मनावर घेऊ नका.’’

म्हणजे हेही पेरून ठेवलं होतं. दीपालीने एका जुन्या मशीनचा थंड लोखंडी माथा धरला. ‘‘तो डबा आज भरलाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात काही नाहीये. आपली बॅच न धुतलेल्या मशीनमध्ये कालवली होती, तो डबा तसा नाही. लॅब लिहील, काही नाही. मग तू खोटी ठरशील. कळतंय का तुला?’’ ‘‘नंबरचा शिक्का आज परत फिरवलाय,’’ म्हणत तिने तळहात उघडून दाखवला. जांभळे आकडे घामाने थोडे पसरले होते, पण वाचता येत होते. अर्शियाने आधी हात बघितला, मग प्लॅस्टिक सोडवून डब्याचा तळ बघितला. तिचा पाय हलायचा थांबला.

‘‘दादा असं कशाला करतील?’’ तिचा आवाज एकदम लहान पोरीचा झाला, आणि मग लगेच कडक. ‘‘आणि खरं असलं तरी ह्या उघड्या डब्याचं मी काय करू? ते म्हणतील मीच कालवलं. तुमचं कोण ऐकणार? दादा म्हणतील बायकोला वेड लागलंय. तुम्ही मला आज काय दिलंत, ताई? सीलबंद होता तोही काढून घेतलात. तुम्ही आधी काहून नाही बोललात?’’ काहून हा शब्द तिने दीपालीकडूनच उचलला होता, पाटवड्या खाता खाता. ‘‘मशीनचं, डब्याचं, सगळं. एवढे दिवस येत होते मी तुमच्याकडे.’’

दीपालीने जांभळा तळहात मिटला. ‘‘मी येईन तुझ्यासोबत,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांपुढे सांगेन. मशीन मी बघितलं होतं. कडू मी चाखलं होतं.’’

‘‘एकट्या तुमचं चालणार नाही.’’

‘‘नाही चालणार.’’

बोळातून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दीपालीने फोन काढला. ‘कणखर ऑपरेशन्स’वर बोट गेलं होतं, ते तिने उचललं आणि नंबर लावला, स्पीकर सुरू केला, फोन दोन डब्यांच्या मध्ये काउंटरवर ठेवला. रिंग बराच वेळ वाजली.

‘‘बोल गं,’’ सौमित्र म्हणाला. मागे रीलचं गाणं चालू होतं. ‘‘कुठेयस? झाकणं नाहीयेत खाली.’’

‘‘मी गुलजारभाईंच्या दुकानात आहे. स्पीकरवर आहेस. अर्शिया ऐकतेय, भाई ऐकतायत.’’

गाणं बंद झालं.

‘‘दिपू, घरी ये. घरी बोलू.’’

‘‘घरी आपण बोलत नाही.’’

‘‘तुला बरं नाहीये. भाई, ऐका, तिला जरा बसवा, पाणी द्या, मी येतोच...’’

‘‘पाणी नको. येऊही नकोस आत्ता. आत्ता फक्त बोल.’’ तिचा आवाज कापत होता आणि तो कापू नये म्हणून तिने काही केलं नाही. गुलजारभाईंनी फिरतं चाक हाताने थांबवलं. ‘‘मी मोजायला चुकले, असं म्हणालास ना मला? आता हेच ह्या पोरीला सांग. किंवा खरं सांग. दोन्हीपैकी एक, पण तिला ऐकू जाईल असं. हा सीलबंद डबा तू कधी भरलास, सौमित्र? बोल.’’